हजार वर्षांचा गोटूल आणि माझा वाकडा खांब

चंद्रपुरात ज्या छापखान्यात आमची पत्रकं निघतात, तिथं भिंतीवर जगातल्या नामांकित इमारतींचं एक कॅलेंडर लटकलेलं आहे. कुठल्याशा टायरवाल्यानं कधीतरी फुकट वाटलेलं. त्यावरच्या तारखा केव्हाच बाद झाल्यात, पण छापखान्याचे चाचा ते काढत नाहीत. लग्नपत्रिकेची चौकट तिरपी छापली गेली आणि गिऱ्हाईक भांडायला आलं, की चाचा शांतपणे जानेवारीचं पान उघडतात.

"ये देखो. इटलीचा मनोरा. बांधता बांधताच तिरपा झाला. सारी दुनिया तिकीट काढून पाहाले जाते. आनि तुमी एका चौकटीसाठी माझ्यावर चिल्लावून राह्यले!"

मला त्या मनोऱ्याचा मनापासून राग आहे. आमच्याकडे एका गावात पाण्याची टाकी अशीच कलली आहे. ती पाहायला फक्त म्हशी येतात.

इमारतींबद्दल बोलायचा मला तसा काही अधिकार नाही. मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढले. तिथं एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा, आणि प्रत्येक दारावर नंबर. वडिलांना बढती मिळाली की घरात एक खोली वाढते, एवढाच तिथला स्थापत्याचा इतिहास. चंद्रपूरला आलं की जटपुरा गेटखालून जायचं. गोंड राजांच्या किल्ल्याचा तो दरवाजा दुसऱ्या एखाद्या देशात असता तर लोक मान वर करून बघत उभे राहिले असते. आम्ही त्याच्याखाली हॉर्न वाजवतो.

कॉलेजात असताना मी एका संघटनेत गेले. माझा आवाज मोर्चात चिरकतो, पण कागदावर बरा घुमतो, हे महिन्याभरात लोकांच्या ध्यानात आलं आणि पत्रकं माझ्या गळ्यात पडली. पत्रक लिहिण्याचं एक शास्त्र असतं. मथळ्यात उद्गारचिन्ह, पहिल्या ओळीत शत्रू, दुसऱ्या ओळीत जनता. आणि ज्याच्याबद्दल लिहायचं ते एकतर प्राचीन, नाहीतर ऐतिहासिक. नुसतं 'जुनं' म्हणालात तर वाचणारा त्या कागदात भजी बांधतो. 'प्राचीन' म्हणालात तरी भजीच बांधतो, पण आधी मथळा वाचतो.

तर अशी मी जय्यत तयार असताना, शेजारच्या जिल्ह्याच्या एका साहेबांच्या डोक्यात सांस्कृतिक पर्यटन शिरलं.

त्यांनी बैठक बोलावली. पडद्यावर चित्रं दाखवली. पॅरिसचा लोखंडी मनोरा, इजिप्तचे पिरॅमिड, ताजमहाल. प्रत्येक चित्राला साहेब म्हणत, "बघा, जग कुठे गेलं!" पिरॅमिड कुठेही गेलेले नाहीत, हे सांगायची माझी फार इच्छा होती. मग शेवटी आमच्या जंगलातल्या एका गावचा गोटूल आला, आणि त्याच्यावर लाल फुली. पुढच्या चित्रात त्याच जागेवर 'गोटूल-भवन'. स्लॅबचं छत, फरशी, स्वागतकक्ष, भिंतीवर नाचणाऱ्या आदिवासींची रंगवलेली रांग, आणि तिच्या मधोमध पर्यटकाला तोंड घालून फोटो काढता यावा म्हणून एक गोल भोक.

ज्यांनी गोटूल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या मधोमध लाकडी खांबांवर तोललेलं गवताचं मोठं छप्पर, आणि कडेनं कमरेएवढ्या बांबूच्या ताट्या. गावाची बैठक तिथं, भांडणाचा निवाडा तिथं, पाहुण्याचं अंथरूण तिथं, नाच समोरच्या अंगणात. दार नाही म्हणून कुलूप नाही, आणि कुलूप नाही म्हणून किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून राजकारण नाही. सरकारी हिशेबानं ही इमारतच नव्हे.

हे गाव हेमलकशाच्या अलीकडे एसटीतून उतरून दोन तास चालल्यावर लागतं. मी तिथं दोनदा गेले होते, गोटूलात झोपलेही होते. फुली पाहून माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी पत्रक लिहून काढलं. 'हजार पावसाळे झेललेला हजार वर्षांचा गोटूल वाचवा!'

हजार कुठून आले? कुठूनच नाही. आधी पाचशे लिहिले होते, पण मथळ्यात दुबळे दिसत होते.

चाचांनी मजकूर वाचला. "हजार साल? कोनाले पुसलं?"

"चाचा, इतका जुना आहे की विचारायला कोणी उरलंच नाही."

लय हुशार होते मी.

पत्रक वाऱ्यासारखं गेलं. वर्तमानपत्रात आलं, तिथून मुंबईत कोणाच्या तरी टेबलावर पडलं, आणि तिथून आमच्या साहेबांना फोन आला. ज्या साहेबांनी फुली मारली होती त्यांनाच आठवड्याभरात आदिवासी वारशाचा उमाळा आला. भवन रद्द. गोटूल 'संरक्षित प्राचीन वास्तू'. आम्ही 'विजय!' असं एका शब्दाचं पत्रक काढलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात मूर्ख.

मग एके दिवशी जीपमधून पाटी आली, तारेचं कुंपण आलं आणि एक कागद आला. गावाचा एक भूमिया असतो. पेरणी कधी, सण कधी, भांडणात चूक कोणाची, हे ज्याच्या शब्दानं ठरतं तो. इथले भूमिया म्हणजे साठी उलटलेले, बारीक अंगाचे, फार हळू बोलणारे गृहस्थ. वास्तूचे राखणदार म्हणून कागदावर त्यांचा अंगठा हवा होता. तो कागद मीच वाचून दाखवला. पाच कलमं होती. मी तीन वाचली, कारण जीपवाल्यांना जायची घाई होती आणि मला फोटोची.

"बाकीचं काय लिवलं हाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही भाऊ. गोटूल तुमचाच राहणार, असंच."

त्यांनी अंगठा लावला. फोटोत मी हसते आहे.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कामानं तिकडे गेले, तर वाटेत गावात डोकावले. विजयाची पाहणी करायला, खरं सांगायचं तर. गोटूलाभोवती तार चकाकत होती. भूमिया कुंपणाबाहेर मोहाच्या झाडाखाली बसले होते आणि त्यांच्या मागं तासलेल्या नव्या खांबांची रास पडली होती. शेजारी गवताचे भारे.

"जोहार भाऊ."

"जोहार बाई. बसा. पन इथीच बसा. तारेच्या आत नोका जाऊ, केस होते म्हनते."

त्या गावात मला सगळे बाई म्हणतात. मी सव्वीस वर्षांची आहे. आधी मला हा मान वाटायचा.

"हे खांब कशाला?"

त्यांनी मग जे सांगितलं ते मला पत्रक लिहिण्याआधी कोणालाही विचारता आलं असतं. त्या गावात ज्याची चूल वेगळी, त्याचा गोटूलात खांब वेगळा. पोरगा लग्न करून वेगळा निघाला की आधी गोटूलात त्याचा खांब रोवतात, मग त्याच्या घराचं बघतात. जे घर गाव सोडून गेलं त्याचा खांब कुजला की परत लावत नाहीत. खांब मोजले की गाव मोजून होतं. दर तिसऱ्या उन्हाळ्यात उधई, म्हणजे वाळवी, लागलेले खांब काढायचे, ज्याचे त्यानं नवे आणायचे, छप्पर नवं करायचं. मग बियांचा पंडुम, म्हणजे पेरणीआधीचा सण. प्रत्येक घर आपलं बियाणं गोटूलात आणतं, भूमिया ते एकत्र करून पूजतात, परत वाटतात, आणि मगच कोणाच्याही शेतात दाणा पडतो. हा तिसरा उन्हाळा होता.

"भाऊ, पण गोटूल किती जुना आहे?"

"कोनता? हा खांब? तीन सालाचा. तो सहाचा. तो कोपऱ्यातला नऊचा, म्हनून तं कुजला."

"खांब नाही. गोटूल. सारा गोटूल."

"गोटूल तं हायेच."

त्यांची बायको मोहफुलं निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हजार साल म्हने! हजार साल उधई काय उपाशी बसली होती?"

मी पाटी वाचली. या वास्तूत कोणताही बदल, दुरुस्ती अथवा नवीन बांधकाम करणे हा दंडनीय अपराध. हेच न वाचलेलं चौथं कलम. पाचवं असं, की उल्लंघन झाल्यास राखणदार जबाबदार.

"पंधरा दिसानं पंडुम हाय," भूमिया म्हणाले. "कोपरा झुकून राह्यला. त्याच्याखाली लोक कसे बसवू? पंडुम नाई तं पेरनी नाई. आनि खांब काढला तं केस माह्यावर. अंगठा माहा हाय ना, बाई."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला चिडलेल्या माणसांशी बोलता येतं, तेच माझं शिक्षण आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कार्यालयात. साहेबांनी मला खुर्ची दिली, कारण आता आम्ही एका बाजूचे होतो.

"दुरुस्तीची परवानगी हवी आहे, सर. खांब बदलायचे आहेत."

"बदलायचे?" साहेबांच्या हातातला कप थांबला. "मॅडम, हजार वर्षांचे खांब बदलायचे? तुम्ही बोलताय हे?"

"ते हजार वर्षांचे नाहीत."

त्यांनी फाईल काढली आणि माझंच पत्रक माझ्यासमोर ठेवलं. मथळ्याखाली लाल पेन्सिलीची रेघ. माझं एवढं काळजीपूर्वक वाचन त्याआधी कोणीच केलं नव्हतं.

"तज्ज्ञ येतील, पाहणी करतील, मग बघू."

"कधी येतील?"

"पावसाळ्यानंतर."

"आणि पावसाळ्यात पडला तर?"

साहेब प्रेमानं हसले. "तुम्हीच लिहिलंय ना? हजार पावसाळे झेललेला. अजून एक झेलेल की."

संघटनेतल्या ज्येष्ठांकडे गेले, तर ते म्हणाले, गप्प बस. चूक कबूल केलीस तर गोटूल प्राचीन राहणार नाही, पाटी जाईल, आणि दुसऱ्या दिवशी ते फोटोच्या भोकाचं भवन परत येईल. मुद्दा खोटा नव्हता. म्हणजे खरं बोलले तर भवन, आणि खोटं चालू ठेवलं तर छप्पर डोक्यावर पडणार. माझ्या पत्रकानं गावाला एवढे दोन मस्त पर्याय मिळवून दिले होते.

मी छापखान्यात जाऊन बसले. चाचांनी सगळं ऐकलं आणि नेहमीप्रमाणे कॅलेंडरकडे हात घातला. मला वाटलं आता तो तिरपा मनोरा. पण त्यांनी मे महिना उघडला.

"हे पाय, बेटा. आफ्रिकेतली मस्जिद. सारी मातीची. पानी पडलं का माती वाहून जाते. मंग काय करते? दर साली सारं शहर येऊन हातानं लिंपते. बुढे सांगते, जवान चढते. कोनी म्हनते काय, का ही नवी हाय? सारी दुनिया जुनीच म्हनते."

मी ते पान याआधी शंभर वेळा पाहिलं असेल. भिंतीतून बाहेर आलेली लाकडं मला शोभेची वाटली होती. ती लिंपताना वर चढायला ठेवलेली आहेत.

नोव्हेंबरच्या पानावर जपानचं एक लाकडी देऊळ निघालं. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नवं बांधतात आणि जुनं उतरवतात, आणि असं हजार वर्षांहून जास्त चाललं आहे. हजार! तिथं ते खरे होते.

त्याच टेबलावर मी दुसरं पत्रक लिहिलं. हा गोटूल हजार वर्षांचा आहे असं मी लिहिलं होतं, ते मी कोणालाही न विचारता लिहिलं. यातला सर्वांत जुना खांब नऊ वर्षांचा आहे. हा गोटूल दर तीन वर्षांनी बांधला जातो म्हणूनच तो टिकला आहे. तो पाडू नका आणि त्याला बांधणाऱ्यांना अडवू नका. खाली आफ्रिका आणि जपानचे दाखले. इतक्या साध्या ओळी लिहायला मला अख्खा दिवस लागला.

चाचांनी प्रूफ वर धरून पाहिलं. "तुमचं पहिलं पत्रक हाय, ज्याच्यात एकबी उद्गारचिन्ह नाई. तब्येत ठीक हाय ना?"

एक प्रत साहेबांच्या कार्यालयात दिली. साहेब दौऱ्यावर. मी पोच घेतली आणि गोंडपिपरीवरून जाणारी एसटी पकडली.

गाव मोहाखाली बसलं, कुंपणाबाहेर. मी आधी तो अंगठ्याचा कागद वाचला. पाचही कलमं. मग माझं दुसरं पत्रक. मग चाचांकडून मागून आणलेलं मे महिन्याचं पान हातोहात फिरलं. बायांनी लिंपणाऱ्यांचे हात निरखले. एकीनं चिखल फार पातळ झाल्याचं मत दिलं.

"आपल्यासारखेच लोक हायेत मंग तिकडे," भूमिया म्हणाले. "त्याईच्या मस्जिदीले पाटी नाई?"

"आहे. साऱ्या जगाच्या वारशाची पाटी आहे."

"तरीबी लिंपते?"

"तरीही लिंपतात."

"मंग आमाले काऊन नाई?"

मी साहेबांच्या कार्यालयातली पोच काढून दाखवली. माझ्याकडे तेवढीच होती.

मग त्यांचं आपसात त्यांच्या माडिया बोलीत बराच वेळ बोलणं झालं. त्यातलं मला 'बाई' तेवढं कळत होतं, आणि ते वारंवार येत होतं. शेवटी भूमियांनी मराठीत सांगितलं. ग्रामसभेचा ठराव करायचा, साऱ्या घरांचे अंगठे आणि सह्या. ज्यानं त्यानं आपला खांब आपल्या हातानं रोवायचा. केस झाली तर साऱ्या गावावर.

"आनि तुमीबी," ते म्हणाले.

"मी काय?"

"अंगठा म्या लावला, कागद तुमी वाचला. तुमचाबी एक खांब."

"पण भाऊ, माझी इथं चूल नाही."

त्यांची बायको लगेच म्हणाली, "चूल नाई तं काय झालं, जीभ तं हाय!" सगळं गाव हसलं. मोर्चात माझ्या एकाही वाक्याला इतकी दाद मिळालेली नाही.

तार तोडली नाही. व्यवस्थित सोडवून गुंडाळून ठेवली. दोन दिवस गाव कामाला लागलं होतं. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. गवत उतरवणारे उतरवत होते, वासे बांधणारे बांधत होते, आणि मधोमध मी, हातात कुऱ्हाड घेऊन, वाटेत. राशीतला खांब मला मिळणार नव्हता. तो प्रत्येक घराचा ठरलेला होता. म्हणून भूमियांनी मला एक लाकूड दाखवलं, म्हणाले, तासा. मी तासलं. मधेच ते एका अंगाला गेलं. खड्डाही मीच खणला, आणि तो सगळ्यांच्या खड्ड्यांपेक्षा वीतभर उथळ निघाला. तोंडावर नाही म्हणायचा सगळ्यांना संकोच वाटला, म्हणून माझा खांब मागच्या कोपऱ्यात गेला. त्या कोपऱ्याला छपराचा भार येत नाही. तिथं शेळी बांधतात.

ठरल्या दिवशी पंडुम झाला. प्रत्येक घरातून टोपलीभर बियाणं आलं. भूमियांनी ते एका मोठ्या सुपात ओतलं, हात फिरवला, आणि ओंजळीनं परत वाटलं. माझ्या हातावरही चार दाणे पडले. मला शेत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी ते दाणे दप्तराच्या लहान कप्प्यात ठेवले आहेत. याच्यावर पत्रक निघत नाही.

आठवड्यानं साहेब आले. तज्ज्ञ नाही, स्वतःच, कॅमेरा घेऊन. मी मुद्दाम थांबले होते. भूमियांनी धुतलेला सदरा घातला होता. केस व्हायची तर नीट कपड्यात व्हावी, असं त्यांचं म्हणणं. मागं सारं गाव उभं.

साहेब गोटूलात फिरले. छताकडे पाहिलं, खांबांवरून हात फिरवला. मागच्या कोपऱ्यात गेले आणि शेळीला ओलांडून माझ्या खांबापाशी थांबले.

"वा! हे वळण बघा, मॅडम. आजच्या सुताराला जमेल? हा हजार वर्षांपूर्वीचा हात आहे!"

मग भूमिया पुढे झाले. "साहेब, तो बाईचा हाय. मांगच्या हप्त्यातला. सारेच नवे हायेत. आमी बदलले."

साहेबांनी खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोट धरून हसले. "भाऊ, तुम्ही फार विनोदी आहात!"

"सर, खरंच सांगतायत ते," मी म्हटलं. "मी दिलेलं दुसरं पत्रक वाचलंत का?"

"हो हो, फाईलला लावलंय."

त्यांनी फोटो काढले, तार पुन्हा नीट बांधून घ्या म्हणाले, आणि गेले. महिन्यानं अहवालाची प्रत आली: वास्तू मूळ स्थितीत असून तीत कोणताही बदल आढळून आला नाही. केस झाली नाही. मी प्रत घेऊन गेले आणि मोहाखाली पूर्ण वाचून दाखवली, खालच्या सहीसकट.

भूमियांनी विचार केला. "बरोबर लिवलं हाय," म्हणाले.

परवा त्या मार्गाच्या एसटीच्या कंडक्टरकडून निरोप आला. तिसरा उन्हाळा अजून लांब आहे. बाकी सारे खांब धड आहेत, फक्त मागच्या कोपऱ्यातल्याला उधई लागली. भूमियांची बायको म्हणते, उधईलेबी समजते. नवा घेऊन या, बाई. औंदा सरळ आना.